समजून घ्या : ‘राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू’ असं सांगितलं तर काय करायचं?

*राजीनामा आणि छाटणी यांत पाच महिन्यांच्या पगाराचा फरक पडू शकतो. नव्या कामगार संहिता, तक्रार निवारण समिती, एचआरची भूमिका आणि ऑफिसातली रोजची भांडणं यांबद्दल सोप्या भाषेत.*

गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री सव्वाअकराला फोन वाजला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधला मित्र. हिंजवडीतल्या एका कंपनीत सात वर्षं काम करतोय. एरवी त्याचा फोन येतो तो मॅचची तिकिटं मिळतात का विचारायला, नाहीतर आमच्या बॅचमधल्या कुणाचं लग्न ठरलं हे सांगायला. या वेळी आवाज वेगळा होता.

दुपारी साडेचारला त्याच्या कॅलेंडरवर ‘क्विक कॅच-अप’ नावाची मीटिंग येऊन पडली होती. आत गेला तर मॅनेजर आणि एचआरमधली एक मुलगी. मोबाइल बाहेर ठेवायला सांगितला. वीस मिनिटांत विषय संपला. प्रोजेक्ट बंद होतोय, दुसरीकडे जागा नाही, उद्या संध्याकाळी पाचच्या आत पोर्टलवर राजीनामा टाक. टाकलास तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाही टाकलास तर टर्मिनेशन, आणि ते पुढच्या कंपनीच्या चौकशीत दिसेल. हातात कागद एकही दिला नाही.

पोर्टलवर राजीनाम्याचं बटण दाबलं की कारण निवडावं लागतं. चांगली संधी, उच्च शिक्षण, कौटुंबिक कारण, अन्य. ‘‘तुम्ही सांगितलं म्हणून, असा ऑप्शनच नाहीये त्यात,’’ तो म्हणाला. आणि मग, ‘‘तू पेपरात आहेस ना? सांग, काय करू?’’

मला उत्तर येत नव्हतं. ‘आत्ता काही दाबू नकोस, सकाळी बोलू’ एवढंच म्हटलं. त्यानंतर जे वाचलं, आणि कामगार कायद्याच्या वकिलांकडून, एचआरमधल्या ओळखीच्यांकडून जे कळलं, ते इथे मांडतोय. वकिलाच्या सल्ल्याला हा पर्याय नाही. पण वकिलाकडे जाताना निदान काय विचारायचं ते कळेल.

राजीनामा काय नि छाटणी काय, नोकरी तर जाणारच ना?

बहुतेकांना असंच वाटतं. त्या रात्री मलाही वाटलं होतं. पण कायद्याच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

कंपनीने कामगाराला कमी केलं, आणि त्यात शिस्तभंगाची शिक्षा वगैरे काही नसेल, तर त्याला छाटणी म्हणतात. ज्याची सलग एक वर्षाची सेवा झाली आहे त्याला छाटणीच्या वेळी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, त्यात कारण सांगावं लागतं. नोटीस नाही तर तेवढा पगार. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातही हे होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेने एक भर घातली. छाटणी झालेल्यासाठी मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांची रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायची.

आता माझ्या मित्राचा हिशेब करा. सात वर्षांचे १०५ दिवस, नोटिशीचे ३०, पुनर्कौशल्य निधीचे १५. एकूण १५० दिवस, म्हणजे साधारण पाच महिन्यांचा पगार. पुण्यात घराचा हप्ता भरणाऱ्या माणसासाठी ही रक्कम लहान नाही.

आणि त्याने ‘कौटुंबिक कारण’ निवडून बटण दाबलं तर? स्वेच्छेने नोकरी सोडणं ही छाटणी नव्हे. त्यामुळे वरचं सगळं शून्य. उरतो तो काम केलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, पीएफ आणि ग्रॅच्युइटी.

पैशांखेरीज आणखी एक गोष्ट जाते. छाटणी करताना त्या कामाच्या गटात जो शेवटी आला त्याला आधी कमी करायचं, असा नियम आहे. तो मोडायचा तर कारण नोंदवून ठेवावं लागतं. थोडक्यात, ‘मीच का?’ हा प्रश्न विचारायची सोय आहे. राजीनामा दिलेल्याला हा प्रश्न विचारता येत नाही, कारण कागदावर तो स्वतःच गेलेला असतो.

सरकारची आधी परवानगी घेण्याची अट मात्र सगळ्यांना नाही. ती कारखाने, खाणी आणि मळ्यांना आहे. नव्या संहितेने तिची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. आयटी कंपनीच्या कार्यालयाला ती तेव्हाही नव्हती, आताही नाही.

पण आयटीतला माणूस ‘कामगार’ असतो का?

सगळं इथेच अडतं. ‘आम्ही काय कामगार आहोत का?’ हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आलोय, बहुतेक वेळा जरा नाक वर करून म्हटलेलं. कामगार म्हणजे निळा गणवेश, भोंगा आणि गेटसभा, असं चित्र डोक्यात पक्कं बसलंय.

कायद्यातलं चित्र वेगळं आहे. अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कार्यचालनाचं किंवा कारकुनी काम मोबदला घेऊन करणारा माणूस कामगार ठरतो. यातला ‘तांत्रिक’ हा शब्द महत्त्वाचा. वगळले आहेत ते मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय हुद्द्यावरचे लोक, आणि पर्यवेक्षणाचं काम करणाऱ्यांपैकी ज्यांचा पगार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे ते. ही मर्यादा जुन्या कायद्यात महिना १० हजार रुपये होती, नव्या संहितेत १८ हजार आहे. पगाराची ही अट फक्त पर्यवेक्षकांना लागू आहे, हे वाचताना निसटतं. दिवसभर कोड लिहिणारा, चाचण्या घेणारा, सर्व्हर सांभाळणारा माणूस कितीही पगार घेत असला तरी केवळ पगारामुळे ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जात नाही.

आणि व्हिजिटिंग कार्डावरच्या पदाचं काय? सर्वोच्च न्यायालयाने सिबा-गायगी कंपनीच्या प्रकरणात १९८५ सालीच सांगितलं की पदाचं नाव बघायचं नाही, माणसाचं मुख्य काम काय आहे ते बघायचं. आयटीत ‘लीड’, ‘कन्सल्टंट’, ‘असोसिएट मॅनेजर’ अशी पदं प्रसादासारखी वाटली जातात. त्यातल्या किती जणांना रजा मंजूर करायचा, माणूस नेमायचा किंवा काढायचा अधिकार असतो? माझ्या मित्राच्या हाताखाली दोन फ्रेशर होते, पण त्यांची रजासुद्धा वरचा मॅनेजरच मंजूर करायचा. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने आयटी अभियंत्याला कामगार मानून पुन्हा कामावर घ्यायला सांगितल्याची उदाहरणं आहेत. पण प्रत्येक प्रकरणात हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं, आपोआप ठरत नाही.

जाता जाता, नव्या संहितेत श्रमिक पत्रकारही कामगाराच्या व्याख्येत आहेत. म्हणजे हा लेख लिहिणाराही कामगारच.

खरोखरच मॅनेजर असाल तर हा दरवाजा बंद. तुमचं नातं मुख्यतः नेमणूकपत्रातल्या करारावर चालतं. त्यात जितक्या महिन्यांची नोटीस लिहिली आहे तितकी मागायची आणि वाद झाला तर दिवाणी न्यायालयात जायचं. तरी पगार, ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाविरुद्धचं संरक्षण यांत मॅनेजर आणि कामगार असा भेद नाही. वेतन संहितेनुसार राजीनामा असो की बडतर्फी, राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे, आणि ही संहिता मॅनेजरलाही लागू आहे. ‘फुल अँड फायनल’साठी दीड-दोन महिने वाट पाहायची सवय लागलेल्यांना हे वाचून हसू येईल. पण नियम हाच आहे.

नवी संहिता आली, म्हणजे नेमकं काय झालं?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. त्यावरचं राजकारण हा वेगळा विषय आहे. नोकरीतल्या एकट्यादुकट्या माणसाच्या दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट एक : तक्रार निवारण समिती.

२० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत ही समिती हवी. जास्तीत जास्त दहा सदस्य, निम्मे मालकाचे, निम्मे कामगारांचे. अध्यक्षपद एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. कामगारांत महिलांचं जे प्रमाण आहे त्यापेक्षा कमी महिला समितीत नकोत. तक्रार घडल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा, समितीने ३० दिवसांत काम संपवायचं. कामगारांच्या अर्ध्याहून अधिक प्रतिनिधींची संमती नसेल तर निर्णय झालाच नाही असं मानायचं.

वाचायला छान आहे. पण पुढची पायरी बघा. समितीचा निर्णय पटला नाही किंवा मुदतीत झालाच नाही, तर ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जायचं, आणि संहितेच्या शब्दांत, ज्या संघटनेचे तुम्ही सदस्य आहात त्या संघटनेमार्फत. हिंजवडी, खराडी, ऐरोलीत किती जण कुठल्या संघटनेचे सदस्य आहेत? माझ्या मते या तरतुदीतला सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे.

नोकरीवरून काढलं असेल तर मात्र संघटनेची गरज नाही. एकट्या कामगाराला काढणं हाही औद्योगिक विवाद मानला जातो. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. मुदत काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षं. जुन्या कायद्यात ती तीन वर्षं होती. ‘नवी नोकरी लागली की बघू’ म्हणत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

राजीनामा देऊन टाकला असेल तर?

दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, असं म्हणून दाद मागता येते. अडचण पुराव्याची. पोर्टलवर तुमच्याच लॉगिनने, तुम्हीच निवडलेलं ‘कौटुंबिक कारण’ पडलेलं असतं, आणि खोलीत काय बोलणं झालं याचा साक्षीदार नसतो. दबाव होता हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

दुसरा मार्ग, राजीनामा मागे घेणं. यावर २०२४ मधला एक निकाल वाचण्यासारखा आहे, आणि तो आपल्या कोकण रेल्वेचा आहे. तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला. मे २०१४ मध्ये मागे घेतला. महामंडळाचं म्हणणं, आम्ही तो एप्रिलमध्येच स्वीकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की एप्रिलचं ते पत्र कार्यालयातल्या कार्यालयातच फिरलं होतं, शिवाय मधल्या काळात या माणसाला कामावर हजर व्हायलाही सांगितलं गेलं होतं. म्हणजे राजीनामा पक्का होण्याआधीच मागे घेतला गेला. त्याला पुन्हा कामावर घ्या आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्या, असा आदेश झाला. दहा वर्षं लागली, हेही खरं.

तो सार्वजनिक उपक्रम होता. खासगी कंपनीत नेमणूकपत्रातल्या अटी आणि राजीनामा स्वीकारल्याची ईमेल कधी आली यावर बरंच अवलंबून राहील. आणि हल्ली ती ईमेल कित्येकदा दहा मिनिटांत येते. म्हणूनच बटण दाबण्याआधीची रात्र महत्त्वाची.

एचआर नेमका कोणाचा?

मित्राला सर्वांत जास्त राग त्या एचआरच्या मुलीचा आला होता. ‘‘दिवाळीला हीच रांगोळी स्पर्धा घेत होती रे.’’

एचआर खातं कंपनीचं असतं, पगार कंपनी देते, आणि तुम्ही त्यांना सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवायचं बंधन त्यांच्यावर डॉक्टर-वकिलासारखं नसतं. हे कटू असलं तरी आधीच कळलेलं बरं. पण ते पूर्ण उत्तर नाही, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये एके काळी आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. तेव्हा कामगार आणि मालक यांच्यामध्ये कुणी नव्हतं, फार तर जॉबर. पुढे कायदे आले, लेबर ऑफिसर आले, पर्सोनेल मॅनेजर आले. या विषयाचं शिक्षण देणाऱ्या संस्थांची नावं बघा. जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ची, तिच्या नावातला ‘एल’ लेबरचा आणि ‘आर’ रिलेशन्सचा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या नावाजलेल्या अभ्यासक्रमात आधी ‘औद्योगिक संबंध’ होते, आता मनुष्यबळ व्यवस्थापन पुढे आणि ‘कामगार संबंध’ मागे. परळला राज्य सरकारची कामगार अभ्यास संस्था आहे, तिला लोखंड्यांचंच नाव आहे. एचआरमध्ये जायचं असेल तर नुसतं भरती आणि ‘एंगेजमेंट’ न शिकता कामगार कायद्याचा पेपर मन लावून करा, असं मला या क्षेत्रातल्या एका जुन्या माणसाने सांगितलं. संप पाहिलेला तो बहुधा त्यांच्या कंपनीतला शेवटचा एचआर असावा.

बोलायचा हक्क कोणाला, हा या सगळ्यातला जुना प्रश्न आहे. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कामगार सामंतांच्या मागे होते, पण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ज्याच्यामागे माणसं होती त्याला टेबलावर जागा नव्हती. गिरण्यांची दुरवस्था, मालकांचं जमिनीकडे लागलेलं लक्ष अशी इतर कारणं होतीच. पण हे एक कारण विसरता येत नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूचाही माणूसच असतो. हरियाणातल्या मानेसरच्या मारुती कारखान्यात २०११ पासून स्वतंत्र संघटनेच्या मान्यतेवरून धुसफूस होती. १८ जुलै २०१२ला एक कामगार आणि सुपरवायझर यांच्यातल्या वादावरून निलंबन झालं, दिवसभर तणाव वाढला, संध्याकाळी हिंसाचार आणि आग. त्यात मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक अवनीशकुमार देव यांचा मृत्यू झाला. १४८ कामगारांवर खटला चालला. २०१७ मध्ये ३१ जण दोषी ठरले, त्यातल्या १३ जणांना जन्मठेप. ११७ जण निर्दोष सुटले, पण त्यांच्यापैकी कित्येकांची मधली वर्षं तुरुंगात गेली होती. एका दिवसाच्या निलंबनाचा हिशेब असा झाला.

साडेचारच्या मीटिंगमधल्या त्या मुलीला बहुधा दहा नावांची यादी दिली होती आणि ती शुक्रवारपर्यंत संपवायला सांगितलं होतं. यादी तिने केलेली नसते. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो चिडला, आणि त्या दिवशी त्याने चिडणं बरोबरच होतं.

सगळीच भांडणं कोर्टातली नसतात

खरं सांगायचं तर ऑफिसातल्या बहुतेक भांडणांना संहिता लागत नाही. शनिवारची शिफ्ट कोणी करायची, माझं काम तू स्वतःच्या नावावर दाखवलंस, टीम कॉलवर सगळ्यांसमोर का बोललास. आणि एसी. आमच्या न्यूजरूममध्ये एसीच्या रिमोटवरून जेवढे अबोले झालेत तेवढे राजकारणावरून झाले नसतील.

अमेरिकेतल्या मेरी पार्कर फॉलेट या विदुषीने १९२५ मध्येच अशा भांडणावर विचार मांडला होता, आणि तिचं उदाहरण खिडकीचं आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयात एका छोट्या खोलीत कुणाला तरी खिडकी उघडी हवी होती, तिला बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. समोरच्याला हवा हवी होती, तिला अंगावर वारा नको होता. दोघांचं भागलं. खिडकी अर्धी उघडी ठेवली असती तर दोघंही कुरकुरत बसले असते. मागणी काय आहे आणि तिच्यामागची गरज काय आहे, हे वेगळं करून बघायचं, एवढाच त्याचा अर्थ. शनिवारची शिफ्ट नको म्हणणाऱ्या सहकाऱ्याला एकदा ‘का?’ विचारून बघा. त्याच्या मुलीचा क्लास दहा ते बारा असतो आणि दुपारी तो मोकळाच असतो, असं निघू शकतं.

हे तिथेच चालतं जिथे दोन्ही माणसांच्या हातात साधारण सारखी ताकद आहे. ज्याच्या हातात तुमचं अप्रेझल आहे त्याच्यापुढे खिडकीची गोष्ट सांगून उपयोग नाही. तिथे कागदच लागतो.

लैंगिक छळ असेल तर समेट वगैरेच्या फंदात न पडता सरळ अंतर्गत समितीकडे जा. २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती सक्तीची आहे. लहान ठिकाण असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत, चौकशी ९० दिवसांत. नुसती दमदाटी, अपमान, रात्री अकराला कॉल लावणं यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. त्याची दाद वरच्याच मार्गांनी मागावी लागते.

मग ‘उद्या पाचपर्यंत’ काय करायचं?

बुधवारी सकाळी आम्ही जे केलं ते सांगतो.

पहिलं, मुदत त्यांनी घातली होती, कायद्याने नाही. पाच वाजता काही आकाश कोसळणार नव्हतं. दुसरं, त्याने नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, सात वर्षांची अप्रेझल पत्रं उतरवून घेतली. ही त्याची स्वतःची कागदपत्रं. कोड, क्लायंटची माहिती, इतरांच्या ईमेल यांना हात लावला नाही. ते केलं असतं तर कंपनीला आयतंच कारण मिळालं असतं. लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस कधीही जाऊ शकतो, म्हणून हे काम आधी.

मग एक ईमेल. वैयक्तिक पत्त्यावरून, एचआरच्या अधिकृत पत्त्यावर, मॅनेजरला प्रत. भाषा इंग्रजी, आशय असा : ‘काल दुपारी साडेचारच्या बैठकीत मला आज पाचपर्यंत राजीनामा देण्यास सांगण्यात आलं. मी स्वतःहून राजीनामा देऊ इच्छित नाही. मी कामावर हजर आहे. कंपनीला माझी सेवा संपवायची असल्यास कारण, तारीख आणि देय रकमांचा तपशील लेखी द्यावा.’ एवढंच. त्यात राग नाही, सात वर्षांच्या निष्ठेचं वर्णन नाही. पहिल्या मसुद्यात ते दीड पान होतं, वकिलांनी काढायला लावलं.

नंतर रोज वेळेवर लॉगिन करत राहायचं. गैरहजर राहिलात तर ‘काम सोडून गेला’ असं दाखवणं सोपं जातं.

समेटासाठी दाद मागायची असेल तर राज्याच्या कामगार आयुक्तालयाचं कार्यालय. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, पुण्यात शिवाजीनगरचं कार्यालय, इतरत्र जिल्ह्याचे सहायक कामगार आयुक्त. नव्या संहितेची न्यायाधिकरणं उभी राहीपर्यंत जुनी कामगार न्यायालयंच काम पाहतायत.

प्रत्येकाने लढावंच असं मी म्हणणार नाही. खटला वर्षानुवर्षं चालतो. व्हिसावर परदेशात असलेल्याला, घरी आजारी माणूस असलेल्याला, दुसरी ऑफर हातात असलेल्याला वाटाघाटी करून निघणं जास्त परवडू शकतं. पण मग फुकट निघू नका. किती महिन्यांचा पगार, आरोग्य विमा कधीपर्यंत चालू, रिलीव्हिंग लेटरमध्ये नेमके कोणते शब्द, सगळं आधी लेखी. छाटणीचा हिशेब माहीत असेल तर मागायचा आकडा कुठून सुरू करायचा ते कळतं.

त्या बुधवारी पाच वाजले, सहा वाजले, काही झालं नाही. शुक्रवारी एचआरमधून फोन आला, या वेळी दुसऱ्या, जरा वरच्या माणसाचा. आवाज मऊ होता. दोन आठवड्यांत तीन बैठका झाल्या. शेवटी चार महिन्यांचा पगार आणि मार्चअखेरपर्यंत विमा यावर ठरलं. पाच महिने निघत होते, तो चारवर थांबला, कारण त्याला आई-बाबांना अजून सांगायचं होतं आणि हे प्रकरण एकदाचं संपवायचं होतं.

राजीनामा त्यानेच टाकला. कारणाच्या रकान्यात ‘अन्य’ निवडलं. खाली शंभर अक्षरांची चौकट होती. त्यात त्याने लिहिलं : कंपनीच्या सूचनेवरून, लेखी करारानुसार.